फुलझाडांची यादी एप्रिलमध्ये नको, जूनमध्ये छापा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आपल्या पुरवणीत 'कडक उन्हाळ्यातही बहरणारी कॉटेज गार्डन' असा पानभर लेख आला होता. फोटो इतके सुंदर होते की मी ते पान फ्रिजवर चिकटवलं. जांभळ्या लॅव्हेंडरच्या रांगा, दगडी घर, लाकडी फाटक, अन् खाली यादी की ही फुलं ऊन अन् कोरडी हवा सहन करतात, कमी पाण्यात येतात, आजच लावा. आज आमच्या नागपुरात नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांतला, दुसरा दिवस आहे. पान अजून फ्रिजवरच आहे, पण त्या यादीतली चार रोपं आमच्या शेजारच्या काकूंनी आणली होती ती कधीच गेली, साडेसहाशे रुपये अन् वरून कोकोपीटचं पोतं वेगळं. काकू म्हणतात माझ्या हातालाच गुण नाही. मला राग आला तो याचाच. हाताला चांगला गुण आहे हो त्यांच्या, यादी दुसऱ्याच मुलखाची होती अन् छापली पण भलत्याच महिन्यात, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष.

मी काही बॉटनी शिकलेली नाही. एका ऑफिसात एकतीस वर्षं आधी टाइपरायटर अन् मग कॉम्प्युटर बडवला, रिटायर होऊन चार वर्षं झाली. घरासमोर बारा बाय अठराचं अंगण आहे, तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी एक वाजल्यापासून सूर्य सरळ पायरीवर येऊन बसतो तो सहा वाजले तरी उठत नाही. या अंगणात मी इतकी झाडं मारली आहेत की त्या अनुभवावरच लिहून राहिली आहे.

आधी ऊन म्हणजे किती ऊन ते पाहा. कॉटेज गार्डन ही मूळ इंग्लंडची, तिथल्या गरीब माणसाच्या छोट्या घरापुढची बाग. भाजी, औषधी पाला, फुलं, सगळं एकात एक दाटीनं लावलेलं, म्हणजे तसं पाहिलं तर आपली परसबागच की. पण त्या देशात आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान ४०.३ डिग्री, १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कोनिंग्सबीला. आपल्याकडं ४० म्हणजे एप्रिलमधला बरा दिवस, त्या दिवशी बायका लग्नाची खरेदी करायला बर्डीच्या बाजारात जातात. २३ मे २०१३ ला नागपूरनं ४७.९ पाहिलं आहे. २०२४ च्या मे मध्ये तर एका ऑटोमॅटिक मशीननं ५६ दाखवलं होतं, मग सेन्सर बिघडला होता असा खुलासा आला, पण आमच्या गल्लीत ५६ चं कोणाला फारसं नवल वाटलं नव्हतं हे पण सांगून ठेवते.

अन् नुसता आकडा पण नाही. तिकडच्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो नावाच्या बाई होत्या, त्यांनी १९९१-९२ च्या सुमारास गाड्या उभ्या करायच्या जुन्या जागेवर गिट्टी टाकून बाग केली. रोपं लावताना पाणी दिलं ते दिलं, रुजल्यावर पाणी म्हणून घालायचं नाही असा नियमच केला, अन् ती बाग आजही जगात नावाजलेली आहे. त्या भागात पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. आता गंमत पाहा, आपल्या नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे त्यांच्या दुप्पट! मग आपली बाग काउन सुकते? तर त्यांचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत राहतो, पगारासारखा, अन् आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये एकरकमी येतो, ग्रॅच्युइटीसारखा, मग पुढं आठ महिने जमीन नुसती खर्च करत बसते, मे मध्ये पासबुक पाहिलं तर शिल्लक काही नाही. त्यात दुपारच्या हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली जातो, वारा असा की वाळत घातलेली ओली चादर पंधरा मिनिटात कडक. पान ज्या वेगानं पाणी सोडतं त्या वेगानं मूळ ते ओढू शकत नाही, मग खाली माती ओली असली तरी वर झाड माना टाकतं. 'कमी पाण्यात येणारं' हे एवढं लिहून भागत नाही ते यासाठी.

लॅव्हेंडरचं मी स्वतः भोगलं आहे. तीन वर्षांपूर्वी अडीचशे रुपयाचं एक रोप आणलं, नर्सरीवाला दादा म्हणाला एकदम उन्हाचं झाड आहे मॅडम. उन्हाळाभर त्याला पूर्वेच्या भिंतीशी, नेटखाली, अगदी पाहुण्यासारखं जपलं, रडत का होईना मे काढला त्यानं. मी खूश. अन् जुलैच्या झडीत, म्हणजे सततच्या पावसात, पाच दिवसात काळं पडून गेलं! तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे भूमध्य समुद्राकडचं झाड, तिकडं उन्हाळा कोरडा असतो अन् पाऊस थंडीत, आपलं सगळंच उलटं. त्याला आपल्या मे पेक्षा आपली काळी माती अन् ऑगस्टचा दमटपणा जास्त बाधतो. म्हणजे ज्या फुलाला नागपुरात जगायचं आहे त्याला दोन परीक्षा पास व्हाव्या लागतात, आधी नवतपा अन् मग झड, अन् मधे सुट्टी पण नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. मे मध्ये फुलणारं झाड एप्रिलमध्ये लावून चालत नाही, ते आदल्या जून-जुलैत लावावं लागतं. एप्रिलमध्ये आणलेल्या रोपाची मुळं त्या काळ्या पिशवीएवढीच असतात, अन् वरची चार बोटं माती दुपारी हात लावून पाहा, चटका बसतो. पहिल्या दोन पावसानंतर लावलेल्या रोपाला दहा महिने मिळतात खाली जायला, अन् ते जातंच. शिवाय आपली काळी माती म्हणजे ओली झाली की फुगते अन् सुकली की आक्रसते, मार्चपासून भेगा पडायला लागतात, माझ्या अंगणात एकदा भेगेत पूर्ण फूटपट्टी उतरली होती, अन् भेग पडताना बारीक मुळं तटातट तुटतात, वरून आपण पाणी घालतो ते पण भेगेतून कुठं जातं ते त्या धरणीमायलाच ठाऊक. म्हणून होळीच्या आधीच बुडाशी पालापाचोळा नाहीतर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, चांगलं चार बोटं जाड पसरून टाकायचं. त्या इंग्लंडच्या बाईंसारखी गिट्टी टाकू नका, तिकडं ती ओल धरते, आपल्याकडं तिचा तवा होतो. हे पण माझं प्रयोग करून झालं, सासऱ्यांच्या हातची जुना शेवंतीचा वाफा होता तो त्यात गेला, अजून सासूबाई टोमणा मारतात.

आता झाडं सांगते, जी माझ्याकडं दोन-तीन मे पाहून बसली आहेत.

सगळ्यात चिवट पांढरा चाफा. मूळचा मेक्सिकोकडचा पण आता कोण मानेल, देवळापुढंच तर असतो. पानं झाडून टाकतो, जाड फांद्यांमध्ये चीक अन् पाणी धरून बसतो, अन् उघड्या फांदीच्या टोकाला फुलं काढतो. पाणी गाळणारी पानंच नाहीत तर सुकणार काय? फांदी कापून लावायची पण कापल्या कापल्या नाही, आठ दिवस सावलीत टाकून जखम सुकू द्यायची, नाहीतर कुजते. दुसरी कण्हेर, तिच्या पानाच्या पाठीवर बारीक खड्डे असतात, त्यात लव असते, अन् पान श्वास घेतं ती छिद्रं त्या खड्ड्यांच्या आत लपलेली असतात म्हणून वारा पाणी ओढू शकत नाही. हायवेच्या डिव्हायडरवर ट्रकच्या धुरात पण फुलते ती उगाच नाही. पण कण्हेर अन् पिवळी बिट्टी, दोन्ही मुळापासून बीपर्यंत विषारी, बिट्टीच्या बियांनी मुलं खेळतात हे मी अजून पाहते, घरात लहान लेकरू असेल तर मी म्हणेन लावूच नका, फूल गेलं खड्ड्यात.

बोगनवेलीबद्दल एकच सांगणं आहे, तिचे लाड करू नका. तिचा जो गुलाबी रंग आपण फूल म्हणतो ती खरं तर पानंच आहेत, फूल आत पांढरं इवलंसं असतं. पाणी तोडलं की ती रंगावर येते. आमचे भाऊजी रोज संध्याकाळी पाइप लावून तिला आंघोळ घालायचे अन् वर विचारायचे की वहिनी तुमच्याकडं फुलं अन् माझ्याकडं नुसता पाला काउन. आता आठवड्यातून एकदा देतात, भिंत लालेलाल आहे.

सदाफुली मी लावलीच नाही, ती आपोआप आली, पायरीच्या फटीत. मादागास्करची आहे म्हणे, कॅन्सरची दोन औषधं हिच्यापासून निघाली, व्हिनक्रिस्टिन अन् व्हिनब्लास्टिन, अन् आपण हिला फुकटची म्हणून हिणवतो. दुपारी दोन वाजता पानं मिटून अशी दिसते की संपलं सगळं, अन् सात वाजता पाहा, टवटवीत. त्या दुपारच्या मिटण्याला घाबरून पाणी घालाल तर बूड कुजेल, फटीतली जगते अन् कुंडीतली मरते ती याच्यामुळं. मी आता कोणतंही झाड दुपारी पाहतच नाही, सकाळी सहाला जे झाड मान टाकून असेल त्यालाच खरी तहान लागलेली असते, त्यालाच पाणी.

ऑफिस टाइम म्हणतात ते, काही जण चिनी गुलाब म्हणतात, पसरट कुंडीत लावा, दहाच्या सुमारास उघडतं अन् दुपार कलली की मिटतं, एकतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला त्याचं अप्रूप वाटणारच. त्याच्या जोडीला गुलबक्षी, ती सेकंड शिफ्टची, उन्हं उतरली की उघडते, अन् समजा पाणी नाही मिळालं तर वरचं सगळं सुकून जातं पण खाली कंद जिवंत असतो, पावसात परत हजर. मे फ्लॉवरचा लाल गोंडा पण कंदाचाच, फुलाचा वर्षभर पत्ता नसतो अन् नेमका याच दिवसात मातीतून डोकं काढतो, माझ्याकडं काल सकाळी दोन आले. झिनिया, गेलार्डिया, पिवळा कॉसमॉस हे बियांचे, यांना मात्र फेब्रुवारीत पेरलं तर चालतं, पाणी रोज लागेल पण ऊन खातात. अडेनियम कुंडीत मस्त, उन्हात ठेवा अन् पावसात मात्र छताखाली ओढा.

मोगऱ्याला मी या चिवट लोकांत धरत नाही कारण त्याला पाणी भरपूर लागतं, पण मोगऱ्याशिवाय नागपूरचा उन्हाळा काय कामाचा. महाशिवरात्रीच्या आसपास छाटायचा, पानं पण ओरबाडून काढायची, जीव कळवळतो पण करायचं, शेणखत द्यायचं, कारण कळी येते ती नव्या फुटव्यावरच. मग वाळ्याची जुडी अन् दोन मोगरे माठात, ते पाणी प्याल तर फ्रिजचं पाणी विसराल. गुलाब अन् जास्वंद यांना मे मध्ये फक्त जगवायचं, ग्रीन नेट खाली, छाटणी-खत काही नाही, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढायचा. अन् पिटुनिया, डेलिया, शेवंती ही हिवाळ्याची मंडळी, त्यांना मार्चमध्ये निरोप द्या अन् मोकळे व्हा.

आता पाण्याचं, इथं आपलं नागपूरकर डोकं जरा घसरतं. घरोघरी कूलर, आठवड्याला टाकी रिकामी करायची, ते पाणी फेकवत नाही म्हणून कुंड्यांना. मी पण वर्षानुवर्षं हेच केलं. माझ्या तगरीच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या, जशी कोणी उदबत्तीनं कड लावली आहे, मी म्हणायची ऊन लागलं. मग एक दिवस पाहिलं की कुंडीच्या काठाला अन् कूलरच्या ताटीला अगदी एकसारखा पांढरा थर आहे. कूलरमधलं पाणी उडून जातं ना, त्यातले क्षार मात्र टाकीतच राहतात, वरून आपण परत पाणी भरतो, परत क्षार, म्हणजे आठवड्यानं जे उरतं ते मिठागरच. आरओचं वाया जाणारं पाणी पण त्याच जातीचं, ते फरशी पुसायला घ्या. कण्हेर अन् बोगनवेल हे पाणी पचवतात, जमिनीत असतील तर. कुंडीला नको. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी मात्र खुशाल घाला, त्यात क्षार नसतात, फक्त आपल्याकडं मे मध्ये हवाच इतकी कोरडी की बादली भरायला दोन दिवस लागतात, बाप्पा.

दुसरा माझा प्रयोग माठाचा, हा भाग जागेअभावी कापू नका अशी विनंती आहे. दोन झाडांच्या मधे गळ्यापर्यंत माठ पुरायचा, पाणी भरायचं, वर झाकण, पाणी हळूहळू पाझरतं अन् मुळं त्याच्याकडं येतात, जुनी पद्धत आहे. सगळे सांगतात की घरातला जुना माठ वापरा. मी तसाच, पाणी गार करत नाही म्हणून बाजूला ठेवलेला माठ पुरला. पंधरा दिवसांनी झाकण काढलं तर पाणी जसंच्या तसं, वर डासांच्या अळ्या अन् बाजूची तगर सुकून राहिलेली! अहो, माठ गार करत नाही याचा अर्थच त्याची छिद्रं क्षारानं बुजली आहेत, पाझरत नाही म्हणूनच तर गार होत नाही, जो हवेत पाझरत नाही तो मातीत काय पाझरणार. नवा घ्या, लहान घ्या, अन् पुरायच्या आधी भरून रात्रभर ओट्यावर ठेवा, सकाळी बाहेरून ओला लागला तर पास. माझा आता चार दिवसात रिकामा होतो, मोगऱ्याजवळचा तीन.

अन् जाता जाता गट्टूचं, म्हणजे रस्त्याकडेला बसवतात त्या सिमेंटच्या ठोकळ्यांचं, कारण ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, चांगलं झालं, पण मग दोन्ही बाजूंनी कंपाउंडच्या भिंतीला टेकेपर्यंत गट्टू बसवले, रोडवरच्या कडुनिंबाच्या खोडाला पण गळफास लावल्यासारखे. पूर्वी भिंतीच्या बाहेर हातभर माती होती, त्यात गुलबक्षी अन् सदाफुली कोणी न लावता यायची, ती गेली, अन् रात्री अकरा वाजता चपला काढून उभं राहून पाहा, गट्टू गरम असतात. ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं दादा, हातभर सोडा ना, तर तो म्हणाला ताई एस्टिमेटमध्ये माती नाही. आता लोक स्वतःच्या अंगणात पण फरशी लावून घेऊन राहिले आहेत, झाडून काढायला सोपं म्हणून, अन् मग कुंडीत कॉटेज गार्डन करायला पाहतात. काळी प्लास्टिकची कुंडी, खाली गरम फरशी, मागं तापलेली भिंत, यात चाफा पण हात जोडेल. कुंडीच ठेवायची असेल तर मातीची घ्या, मोठ्या कुंडीत छोटी ठेवून मधे रेती भरा, ती ओली ठेवा, अन् भिंतीपासून दोन हात दूर.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. पुरवणीतलं बागेचं पान नागपूरच्या महिन्यांप्रमाणं करा. जूनमध्ये चाफा-कण्हेर-बोगनवेल लावायचं छापा, फेब्रुवारीत मोगऱ्याची छाटणी अन् तणस, एप्रिलमध्ये फक्त नेट अन् माठ, नवीन रोप एकही नाही. कोणाला विचारायचं असेल तर महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, तिथं विचारा, नाहीतर जुन्या वस्तीत ज्या घरापुढं आज या घडीला काहीतरी फुललेलं दिसेल तिथली बेल वाजवा, पन्हं पण मिळेल. फ्रिजवरचं ते लॅव्हेंडरचं पान मी काढलं नाही, फोटो खरंच छान आहे. काकूंना सदाफुलीच्या शेंगा अन् चाफ्याची फांदी द्यायचं कबूल केलं आहे, फांदी तेवढी जरा आधी कापून ठेवावी लागेल, आठ दिवस सुकायची आहे, तोवर मृग लागतोच.

आपली,
एक नियमित वाचक, नागपूर